तिसऱ्या जोडीचं टोक

१

माझा डावा कान दोन वर्षांपूर्वी गेला. गेला म्हणजे मेलाच. एका सकाळी उठलो तर त्या बाजूचं जग बंद. डॉक्टर म्हणाले, नस सुकली, आता औषध नाही, उजवा जपा. जपा म्हणजे काय करायचं बाबा? कापसात गुंडाळून कपाटात ठेवू?

आमची दुर्गा तेव्हा चेष्टेनं म्हणाली, "अहो, माणसं एका कानानं ऐकतात न् दुसऱ्यानं सोडून देतात. तुमचं सगळं आता आतच साठणार." दोघंही हसलो होतो.

हसण्यासारखं काही नव्हतं, कारण माझा धंदाच कानाचा. बावीस वर्षं मी लोकांच्या घरी होम थिएटर बसवतोय. केबिन रोडवर चंदनशेठचं दुकान आहे, माल त्यांचा, बसवायला मी, महिपत. आता आवाज कुठल्या बाजूनं येतोय हे कळायला दोन कान लागतात, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. एका कानाच्या माणसाला या कामाला कोण पाठवेल? म्हणून मी तोंड शिवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुर्गाला माहीत होतं, आणि लवूला.

लवू माझा जोडीदार. आमची कामाची एक पद्धत होती, ती सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. भिंतीच्या आतून वायरींच्या जोड्या गेलेल्या असल्या, की कुठली जोडी कुठल्या स्पीकरला जाते ते बाहेरून कळत नाही. मग घड्याळातला सेल घ्यायचा आणि जोडीच्या दोन टोकांना टेकवायचा. तिकडच्या टोकाला स्पीकर असला तर तो 'टुक' करतो. एक जण सेलपाशी, दुसरा स्पीकरपाशी. टुक ऐकलं की स्पीकरवाल्यानं ओरडायचं, "ओके!" मग सेलवाला पुढची जोडी घेतो. सगळ्या जोड्या ओके झाल्या की आम्ही मिनिटभर गप्प राहायचो, दोघंही आपापल्या टोकांवरून शेवटची नजर फिरवायचो, आणि मगच खरा आवाज चालू करायचो.

बावीस वर्षांत किती ओके दिले असतील, देव जाणे. दुर्गा म्हणते, मी झोपेतही देतो.

मागच्या वर्षी लवूचे गुडघे गेले. तो काम सोडून उत्तनच्या अलीकडे, डोंगरी गावात आपल्या घरी बसला. तेव्हापासून मी एकटाच जातो.

२

ते काम इंद्रलोक वसाहतीतलं होतं. सातवा मजला, टोकाचा फ्लॅट, रिसेलमध्ये घेतलेला. सुचेताताई बँकेत आहेत, त्या दिवशी रजा टाकून घरी थांबल्या होत्या.

"परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून आलोय काका," त्या म्हणाल्या. "तिथे बातम्या लावल्या तरी शेजारी भिंत ठोकायचे. आता असा आवाज लावणार ना, कोणाच्या बापाची भीती नाही!"

बाई मोकळ्या होत्या. मला आवडल्या.

काम सोपं दिसत होतं. टीव्ही भिंतीवर लागलेला होता. सेट-टॉप बॉक्सची केबल रिसिव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या मशीनमध्ये घातली, रिसिव्हरमधून एक केबल टीव्हीला. टीव्हीच्या मागे हात घालून नुसत्या बोटांनी खाच शोधायची असते, त्यात दर वेळी दोन-चार शिव्या जातात, त्या गेल्या. पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या आजूबाजूला, धमधम करणारा मोठा डबा कोपऱ्यात. राहिले सोफ्यामागचे दोन. त्यांच्यासाठी भिंतीवरून वायर झाकायची पट्टी मारावी लागणार म्हणून मी कंटाळलो होतो, तेवढ्यात टीव्हीखाली एक पांढरं झाकण दिसलं. उघडलं तर आत जुन्या मालकानं टाकलेल्या वायरी. सोफ्यामागच्या भिंतीवरही तशीच दोन झाकणं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे. म्हटलं, देव पावला.

पण मागे झाकणं दोन, आणि टीव्हीखाली जोड्या तीन.

लवू नव्हता, म्हणून ताईंनाच कामाला लावलं. मागचे स्पीकर जोडले, ताईंना सोफ्यामागे उभं केलं आणि म्हटलं, "टुक झालं की ओके म्हणायचं, बस."

पहिली जोडी. "ओके!" ताई एकदम खूश.

दुसरी जोडी. "ओके!"

तिसरी जोडी घेतली. तांबं हिरवं पडलेलं, कित्येक वर्षं कोणी हात लावलेला नसावा. सेल टेकवला.

"काही नाही काका."

मी पुन्हा टेकवला.

"नाही."

आणि मला ऐकू आलं. टुक. डाव्या कानात. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला काहीतरी वाजलं होतं. बारीक, पण एकदम स्वच्छ. माझ्या अंगावर सरसरून काटा आला, डोळे भरून आले, आणि तोंडातून आपोआप निघालं, "ओके!"

ताई हसायला लागल्या. "मी नाही म्हणतेय, न् तुम्हीच ओके?"

मीही हसलो. सवय, म्हटलं.

३

त्या जोडीचं टोक टेपनं गुंडाळून आत ढकलायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस तेच करतो. मी ते रिसिव्हरच्या मागे सहाव्या स्पीकरच्या जागी लावलं. मनाला सांगितलं, वायर कुठे जाते ते शोधायला नको का? खोटं होतं ते. मला ते टुक पुन्हा ऐकायचं होतं.

रिसिव्हरबरोबर एक छोटा माईक येतो. माणूस सोफ्यावर जिथे बसणार, तिथे त्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा. मग रिसिव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो आणि तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. त्या वेळी पंखा बंद, कुकर बंद, आणि खोलीत कोणी थांबायचं नाही. ताई बेडरूममध्ये गेल्या. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो.

पुढचे तीन स्पीकर एकामागून एक बोलले. ठुईं, ठुईं, ठुईं. मग मागचा उजवा. मागचा डावा. तो मला नीट कळला नाही, डावीकडचं मला कळत नाहीच.

मग थोडा वेळ काहीच नाही.

मग टुक. डाव्या कानात. मशीनचा आवाज ठुईं असतो, टुक नसतो. हे मी स्वतःला दोन-तीन वेळा सांगितलं.

टीव्हीवर निकाल आला. पुढचा डावा, सापडला. मधला, सापडला. असे पाच, आणि खाली सहावा. सापडला. अंतर सहा पूर्णांक एक दशांश मीटर.

सहा मीटर म्हणजे वीस फूट. सोफा मागच्या भिंतीपासून दीड फुटावर होता, आणि त्या भिंतीपलीकडे घर संपत होतं. मी खिडकीपाशी गेलो आणि वाकून बाहेर पाहिलं. भिंत सरळ खाली उतरत होती. गॅलरी नाही, पाइप नाही, छज्जा नाही. सात मजले खाली कंपाउंड, आणि पलीकडे खाडीकडची मोकळी जमीन.

आता अशी यंत्रं चुकतात. काचेवर आवाज आपटतो, आकडे वर-खाली होतात. त्या धमधम डब्याचं अंतर तर कधीच बरोबर येत नाही. हे सगळं मला पाठ आहे, गिऱ्हाइकांना मीच सांगतो. तेव्हाही तेच सांगून मन शांत केलं. सहाव्याचा आवाज मी पार खाली ठेवला, म्हणजे घरच्यांना काही कळायला नको. वायर मात्र काढली नाही. पाया पडून सांगतो, हे मी माझ्या कानासाठी केलं.

४

चार दिवस कसेबसे काढले. घरी, रिक्षात, दुकानात डावी बाजू पुन्हा मेलेली. पाचव्या दिवशी मी सुचेताताईंना फोन केला आणि थाप मारली, "मशीनमध्ये एक अपडेट टाकायचंय ताई, फुकट आहे."

पुन्हा माईक ठेवला. पुन्हा त्यांना आत पाठवलं. पाच स्पीकर बोलले, मग गप्प, मग टुक. या वेळी मोठं होतं. कोणी नखानं लाकडावर टिचकी मारावी तेवढं. माझ्या तोंडून ओके गेलं ते मला नंतर कळलं.

तीन पूर्णांक चार मीटर.

मी पॅसेजमध्ये उभा राहून हिशेब केला नाही. खरं सांगतो, मुद्दाम केला नाही. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि तरी मी आनंदात होतो. कान मेला असता तर ऐकू कसं आलं असतं? नस जागी होतेय. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी तर माझाच कान परत मागत होतो, कोणाचा काढून नाही.

त्याच संध्याकाळी दुर्गा जेवताना दोनदा तेच बोलली. "अहो, किती वेळा सांगू, मीठ द्या."

"हळू बोलतेस तू."

"मी नेहमीसारखंच बोलतेय," ती म्हणाली. ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती.

दुसऱ्या दिवशी चंदनशेठनं बोलावलं. काउंटरमागे बसून त्यांनी चष्मा पुसला, मग सावकाश बोलले, "महिपतभाई, इंद्रलोकवाली मॅडम का फोन था. बोलती है, काका बहुत अच्छे हैं, खुद फोन करके दुबारा आये. लेकिन लेफ्ट साइड का आवाज ज्यादा है. पिछले महिने भी एक जन बोला था. आप कान चेक कराओ. सोमवार को रिपोर्ट लेके आओ."

"रिपोर्ट किसलिए शेठ? बाईस साल हो गए."

"इसीलिए प्यार से बोल रहा हूं. रिपोर्ट ठीक, तो काम चालू. नहीं तो गोडाऊन में बैठो, खोके गिनो."

शुक्रवार होता तो. माझ्या हातात तीन दिवस होते. कान फक्त एका जागी उघडत होता, आणि दर वेळी जरा जास्त उघडत होता. अजून एकदा गेलं, तर कदाचित पुरता उघडेल. असा मी विचार केला. विचार कसला, हावच ती.

५

शनिवारी दुपारी गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं, खिडकीतून सोफ्यावर पडलं होतं. ताईंनी पंखा बंद केला आणि म्हणाल्या, "या वेळी तो डावीकडचा नीट करा हं काका." मग त्या बेडरूममध्ये गेल्या, दार लावून घेतलं.

मी नियम मोडला. पॅसेजमध्ये गेलो नाही. सोफ्यावर बसलो, मधोमध, आणि माईक हातात धरला, डाव्या कानापाशी. रिमोटचं बटण दाबलं.

ठुईं. ठुईं. ठुईं. दर दोन आवाजांच्या मधे टीव्हीचा पडदा क्षणभर काळा व्हायचा. त्या काळ्या पडद्यात हॉल दिसायचा, उन्हाचा पट्टा, सोफा, मी माईक धरून बसलेलो. माझं मलाच हसू आलं. म्हातारा गाणं म्हणायला बसलाय.

मागचा उजवा बोलला. मागचा डावा बोलला असावा.

मग पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

टुक.

मागून नाही. भिंतीतून नाही. शेजारून.

"ओके," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं. ओठ घट्ट दाबून धरले होते तरी आलं.

पडद्यात पाहिलं. सोफा, मी, उन्हाचा पट्टा. माझ्या डावीकडची गादी खाली दबलेली होती. रेक्झिनला मधे खळगा पडला होता आणि त्याच्या कडांना सुरकुत्या. माझी मान वळत नव्हती. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी जेव्हा खरोखर वळून पाहिलं, तेव्हा तो खळगा हळूहळू भरून वर येत होता. गादीत हवा शिरतानाचा बारीक फुस्स आवाज मी डाव्या कानानं ऐकला.

टीव्ही उजळला. सहावा, सापडला. शून्य पूर्णांक तीन दशांश मीटर. एक फूट.

मी उठलो, रिसिव्हरच्या मागे हात घातला आणि तिसरी जोडी ओरबाडून काढली. तेवढ्यानं भागेना म्हणून भिंतीतून खेचली. वाटलं होतं अडकेल, जोर लावावा लागेल. ती सुळकन हातात आली. वीतभर होती. बस, वीतभर. भिंतीच्या आत ती कुठेच जात नव्हती.

माझ्या बाजूचं टोक हिरवं पडलेलं होतं. दुसरं टोक कोणीतरी सोललेलं होतं, पिळून नीट टोकदार केलेलं होतं, आणि तिथलं तांबं नवंकोरं चमकत होतं.

बेडरूमचं दार उघडलं. सुचेताताई बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं.

"गेले का ते?"

"कोण?"

"तुमचे जोडीदार हो. आज आणलं होतंत ना त्यांना? आतून दोन ओके ऐकू आले," त्या म्हणाल्या. "मी तिघांचा चहा टाकणार होते."

मी एकच ऐकला होता, माझा.

६

रविवारी बसनं डोंगरीला गेलो. लवू अंगणातल्या बाकावर बसला होता, पाय लांब करून. मला बघून त्याचं तोंड फुललं. मी सगळं सांगितलं, त्यानं मधे एकदाही टोकलं नाही. मी ती वीतभर वायर खिशातून काढून दाखवली. त्यानं हात पुढे केला नाही.

"तुझा कोणी माणूस तर नाही ना तिकडे गेला होता, चेष्टा करायला?" मी विचारलं. मलाच ते मूर्खासारखं वाटलं.

"सातव्या माळ्यावर भिंतीबाहेर?" लवू म्हणाला. "महिपत, तू ओके कशाला दिलास? समोर कोन हाय ठाव न्हाय, आनि ओके? आपन काय करायचो? आधी हाक मारायचो. लवू, हायस का? हाय म्हटला की मग सेल."

खरं होतं. पहिल्या दिवसापासून तो तसंच करायचा. बावीस वर्षांत तो भाग माझ्या डोक्यातून पुसला गेला होता, ओके तेवढा राहिला होता.

"मग आता?"

"आता देऊ नको. काय बी ऐकू आला तरी देऊ नको."

"नाही देत," मी म्हटलं. "आणि वायर तर काढलीच आहे."

लवू उठला, काठी टेकत माझ्या पुढून वळसा घालून आला आणि माझ्या उजव्या बाजूला बसला. तिकडे सगळं ऊन होतं, डोळ्यांवर येत होतं. डावीकडे सावली होती, आणि आम्ही दोघं कायम सावली धरून बसणारे.

"इकडे कशाला? तिकडे बस की, सावलीत."

"असांच," तो म्हणाला. त्यानं माझ्या डाव्या बाजूला पाहिलंही नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो, खिडकी डावीकडे. शेजारी कोणीतरी येऊन बसलं, तिकीट काढलं, फोनवर बोललं. त्याचे ओठ हलताना दिसत होते, शब्द मात्र लांबून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. इंजिनाची घरघरही कमी कमी होत गेली. उत्तन रोडचा चढ चढताना मी उजव्या कानात बोट घालून हलवलं. काही फरक पडला नाही.

आणि खिडकीच्या बाजूनं टुक झालं. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

७

सोमवारी दुर्गा सोबत आली. तिनं रात्रभर मला झोपेत बोलताना ऐकलं होतं, पण काय बोललो ते सांगायला तयार नव्हती. स्टेशनजवळच्या दवाखान्यात कान तपासायची एक छोटी खोली होती, काचेच्या खिडकीची, आतून सगळीकडे स्पंज लावलेली. तपासणारी मुलगी तरुण होती, इशिता नाव, कोटावर लिहिलेलं. ती काय बोलत होती ते मला अर्धंच कळत होतं, म्हणून तिनं हातानं करून दाखवलं. कानावर हेडफोन. हातात बटण. आवाज ऐकला की बटण दाबायचं. बस.

"कितीही बारीक असला तरी दाबा काका," ती माझ्या उजव्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. "रिपोर्ट त्यावरच आहे."

मी मान डोलावली. दुर्गा काचेपलीकडच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. दार बंद झालं. अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, स्वतःचं गिळणं ऐकू येत होतं.

टुक.

मी बटण दाबलं.

मनात म्हटलं, थांब, हा मशीनचा असेल. मशीनचाच असणार. नाही दाबलं तर रिपोर्ट खराब, मग गोडाऊन आणि खोके. आणि समज, हा कान खरंच परत आला असेल तर? बावीस वर्षांचं काम एका भीतीपायी घालवू?

टुक. दाबलं. टुक. दाबलं. पुढे पुढे ते भरभर यायला लागलं आणि माझं बोट त्याच्याबरोबर चालायला लागलं. तोंड मी घट्ट बंद ठेवलं होतं. लवूला शब्द दिला होता, मी ओके देत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं. एवढं स्वच्छ टुक मी तरुणपणी दोन कान असतानाही ऐकलं नव्हतं. मला रडू येत होतं, सुखानं.

मग ते टुक थांबलं.

मान वर केली तर काचेपलीकडे इशिता मशीन सोडून उभी राहिली होती. ती आत आली, हेडफोन काढले आणि काहीतरी बोलली. तिचे ओठ हलले. मी कपाळाला आठ्या घालून उजवा कान पुढे केला. तिनं पुन्हा सांगितलं. तिच्यामागे दुर्गा आली, तिचेही ओठ हलले, 'अहो' म्हणतेय, एवढंच मला ओठांवरून कळलं. आवाज नाही. दाराचा नाही, बाहेरच्या रस्त्याचा नाही, कशाचाच नाही.

इशितानं फॉर्म उलटा केला आणि मागे पेननं लिहिलं. माझ्यापुढे धरला.

'काका, आतापर्यंत फक्त उजवा कान तपासत होते. उजवीकडच्या एकाही आवाजाला तुम्ही बटण दाबलं नाही. डावीकडे मी अजून काहीच लावलं नव्हतं. तुम्ही त्रेचाळीस वेळा कशाला दाबलंत?'

मी बटणाकडे पाहिलं. अंगठा अजून त्याच्यावर होता.

दुर्गानं माझा हात धरला. ती रडत होती, ओरडूनही बोलत असावी, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मी तिला सांगितलं, घाबरू नको. सांगितलं की नुसतं वाटलं, कळायला मार्ग नव्हता, माझाही आवाज मला येत नव्हता.

तेवढ्यात डाव्या कानात, अगदी आत, कोणीतरी समाधानानं म्हणालं, "ओके."

आवाज माझा नव्हता. लवूचाही नव्हता. आपल्या टोकाचं काम पुरं झालेल्या माणसाचा होता.

मी दुर्गाचा हात घट्ट धरला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. सगळ्या जोड्या ओके झाल्या की आम्ही मिनिटभर गप्प राहायचो आणि मगच खरा आवाज चालू करायचो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा लाल सेकंदकाटा त्या ओकेपासून अर्ध्या फेरीहून पुढे गेला होता.